मुलांची मोबाईलवरील शाळा आणि पालकांचे काम

(शेतकरी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात आपण बीजप्रक्रिया, ठिबक संचाची देखभाल आणि कपाशीवरील गुलाबी बोंडअळी याविषयी ऐकले. आता गृहविज्ञान शाखेच्या बाई शाळेविषयी काय सांगणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. मागील मेळाव्यात प्रश्नोत्तराच्या वेळी एका भगिनीने चिठ्ठी पाठविली होती. तिने लिहिले होते, "मुलगा दिवसभर मोबाईल घेऊन बसतो. विचारले की अभ्यास करतो म्हणतो. मी चौथी शिकलेली. तो खरेच शिकतो की नाही, हे मी कसे ओळखावे?" त्या दिवशी वेळ संपल्यामुळे उत्तर राहून गेले. आज त्या चिठ्ठीचेच उत्तर द्यावयाचे आहे.

बंद शाळांची दोन वर्षे

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शाळा घरात आली. आपल्या राज्यात नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे आणि जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू करण्याचा प्रयत्न झाला. परंतु दुसरी लाट आली व ते पुन्हा बंद करावे लागले. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, तर पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. म्हणजे मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले मूल एकदम तिसरीच्या वर्गात जाऊन बसले. मधली दुसरी त्याने घरातच काढली.

'प्रथम' संस्थेचे 'असर' नावाचे सर्वेक्षण देशाच्या ग्रामीण भागात होते. त्यानुसार २०१८ साली तिसरीतील शंभर मुलांपैकी सुमारे २७ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ साली हे प्रमाण सुमारे २० वर आले. समाधानाची बाब अशी की, २०२४ साली ते पुन्हा २७ च्या आसपास आले. मूल मागे पडले तरी योग्य लक्ष दिल्यास ते पुन्हा उभे राहू शकते, हे यावरून दिसून येते.

याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०२१ साली शाळकरी मुलांच्या तीन घरांपैकी दोन घरांत स्मार्टफोन होता. मात्र ज्या घरांत फोन होता, त्यांतीलही सुमारे चौथा हिस्सा मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. घरात मोबाईल आहे म्हणजे मूल शिकते आहे, हा समज येथेच चुकतो. आणि ही चूक मी स्वतःही केलेली आहे.

माझ्या हातून झालेली चूक

२०२० च्या हिवाळ्यात एका गावी आम्ही कुटुंबांची माहिती भरून घेत होतो. एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी सातवीतील मुलगी होती. तक्त्यात एक रकाना होता: 'मुले ऑनलाईन शिकतात काय?' मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, "हो, मोबाईल आहे की." मी रकान्यात 'होय' लिहिले आणि पुढच्या घरी गेले. मुलगी दारातच उभी होती. तिला मी काहीच विचारले नाही.

पुढे शाळा उघडल्यावर तेथील गुरुजी भेटले. म्हणाले, "बाई, ती मुलगी आठवीत आली, पण शाळेत येत नाही. घरी स्थळाचे बोलणे चालू आहे." मी पुन्हा त्या घरी गेले. वडील म्हणाले, "तिला शिक्षणाची आवडच राहिली नाही." या वेळी मात्र मी मुलीशी बोलले. तेव्हा हकिकत कळली.

घरात मोबाईल एकच. तो सकाळी वडिलांबरोबर शेतात जाई. संध्याकाळी परत येई तेव्हा चार्जिंग संपलेले असे. चार्जिंग झाले की बारावीतल्या भावाचा पहिला हक्क. तो झोपल्यावर, रात्री दहा-साडेदहाला, हिच्या हातात मोबाईल येई. तोपर्यंत दिवसभराचे धडे गटात येऊन पडलेले असत. काही महिने तिने ते वहीत उतरवून घेतले. समजत नव्हते, पण विचारावयाचे कोणाला? पुढे कापूस वेचणीला माणसे मिळेनात म्हणून ती आईबरोबर जाऊ लागली. 'शाळा तर बंदच आहे', असे सगळेच म्हणत होते. दीड वर्षाने वर्गात बसण्याची वेळ आली, तेव्हा इंग्रजीचा धडा तिला वाचता येईना, अपूर्णांक आठवेनात. आवड गेली नव्हती, बंधू-भगिनींनो. तिला लाज वाटत होती.

माझ्या तक्त्यातील 'होय' खोटे नव्हते, पण त्याला अर्थ नव्हता. शेतात पाइपलाइन आहे काय, एवढेच विचारून पीक भिजले असे आपण धरीत नाही. मुळाशी ओल किती गेली, हे माती उकरून पाहतो. मोबाईलवरील शिक्षणाचेही तसेच पाहावे लागते.

मूल शिकते की नाही, हे कसे ओळखावे?

यासाठी पालक शिकलेलाच असला पाहिजे, असे मुळीच नाही. पुढील तीन गोष्टी कोणत्याही आईवडिलांना करता येतात.

पहिली गोष्ट, मोबाईल बाजूला ठेवावयास सांगून विचारावे, "आज काय पाहिलेस, मला सांग." आपल्याला विषय कळत नसला तरी चालेल. ज्याला समजलेले असते ते मूल आपल्या शब्दांत सांगते, दाखले देते, हातवारे करते. ज्याने नुसतेच पाहिलेले असते ते "धडा झाला", "विज्ञान होते" एवढेच म्हणते. हा फरक अडाणी माणसालाही कळतो.

दुसरी गोष्ट, रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावयास लावावे. वाचन मराठीचे असो वा इंग्रजीचे, मूल कोठे अडखळते ते कानाला कळते. सलग वाचता येत नसेल तर एक-दोन इयत्ता खालचे पुस्तक घ्यावे. त्यात कमीपणा मानू नये. पाया कच्चा राहिला तर वरच्या इयत्तेचे कितीही पाठ पाहिले तरी डोक्यात राहत नाहीत.

तिसरी गोष्ट, घरचा व शेताचा हिशेब मुलांकडून वहीवर करून घ्यावा. पाचवीच्या मुलाला विचारावे, बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा लावावयाचा, तर १२ किलो बियाण्याला किती लागेल? सातवीच्या मुलाला विचारावे, पाच टक्के निंबोळी अर्कासाठी १०० लिटर द्रावणास ५ किलो निंबोळ्या लागतात, तर ४० लिटरला किती? आठवी-नववीच्या मुलापुढे बाजार समितीतून आलेली पट्टी ठेवावी. मालाची रक्कम किती, हमाली, तोलाई व भाडे वजा जाता हातात किती आले, क्विंटलमागे काय पडले, हे त्याने काढावे. यात मुलाचे गणित पक्के होते, आणि पट्टीत चूक असेल तर तीही सापडते.

या तीन गोष्टींत रोज अर्धा तासही जात नाही. मूल गोंधळले तर रागावू नये. "हे उद्या गुरुजींना विचारू" म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहून ठेवावा. आठवड्याचे असे प्रश्न साठले की गुरुजींना फोन करावा किंवा शाळेत जाऊन भेटावे. पालक विचारणारे आहेत हे कळले की शिक्षकांचेही लक्ष वाढते.

मोबाईलची पाळी

आता घरात मोबाईल एक आणि मुले दोन-तीन असतील तर काय करावे? कालव्याचे पाणी आपण पाळीने घेतो. ज्याचा वार त्याचे पाणी. तेथे थोरल्याचा अधिक व धाकट्याचा कमी, असे चालत नाही. मोबाईलचीही तशीच पाळी ठरवावी आणि ती कागदावर लिहून भिंतीला लावावी. मुलीची पाळी रात्री सर्वांत शेवटी ठेवू नये. वडिलांना शेतावर मोबाईल न्यावाच लागत असेल, तर सकाळी जाण्यापूर्वीचा एक तास आणि दिवेलागणीनंतरचा एक तास मुलांसाठी राखून ठेवावा. ज्या गावात भारनियमनामुळे वीज अवेळी जाते, तेथे वीज असेल तेव्हाच चार्जिंग करून ठेवण्याची सवय लावावी. नेटवर्क मिळेल तेथे पाठ उतरवून घ्यावेत व घरी शांतपणे पाहावेत. प्रत्येक पाठ थेटच पाहिला पाहिजे असे नाही.

पाठ पाहून झाला की मोबाईल ठेवून पुस्तक उघडावे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील चौकोनी क्यूआर कोड मोबाईलने टिपला की त्या धड्याची चित्रफीत व स्वाध्याय शासनाच्या 'दीक्षा' ॲपवर मिळतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत. महागडे शिकवणी ॲप घेण्यापूर्वी हातातले पुस्तक पूर्ण वापरले काय, याचा विचार करावा. हप्त्याने पैसे भरावयास लावणाऱ्या विक्रेत्याच्या बोलण्यावर गुरुजींना विचारल्याशिवाय सही करू नये.

ज्यांच्याकडे मोबाईलच नाही त्यांनी निराश होऊ नये. साथीच्या काळात पालघरच्या आदिवासी भागात पाड्यापाड्यांतून ध्वनिक्षेपकावर पाठ ऐकवून मुलांना शिकविले गेले. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागत असे. अनेक गावांत शिक्षकांनी देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली चार-पाच मुले बसवून अभ्यास घेतला. आजही वस्तीवरील पाच-सहा मुले एकत्र बसवून, बारावी झालेल्या एखाद्या मुलाने वा मुलीने तासभर पाहणी केली, तर एका मोबाईलवर सर्वांचे काम भागते. मुले एकमेकांना विचारून अधिक शिकतात आणि एकटी पडत नाहीत.

डोळे, मान आणि झोप

साथीच्या काळात केंद्र शासनाने 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास आणि नववी ते बारावीसाठी चार तासिका, अशी मर्यादा सुचविली होती. घरी हेच माप धरावे. दिवसभर मोबाईलवर अभ्यास, असा अभ्यास नसतोच.

मोबाईल हातात धरून, अंथरुणात लोळत पाहू देऊ नये. पाठीला भिंत असावी व समोर पाट किंवा पेटी ठेवून त्यावर मोबाईल उभा करावा, म्हणजे मान वाकत नाही. अंधारात मोबाईल पाहू नये. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे, म्हणजे अंगणातल्या झाडाकडे, वीस सेकंद पाहावे व डोळ्यांची उघडझाप करावी. रोज तासभर तरी मूल मोकळ्या उजेडात खेळले पाहिजे. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत जवळचे स्पष्ट व दूरचे अंधूक दिसण्याचा दोष कमी आढळतो. फळ्यावरचे दिसत नाही, डोके दुखते, मूल डोळे बारीक करून पाहते, असे दिसल्यास ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घ्यावेत.

झोपण्यापूर्वी एक तास मोबाईल बंद करून तो मोठ्यांच्या उशाशी ठेवावा. मुलांबरोबर मोठ्यांनीही हे पाळले तर अधिक चांगले. आपण जेवताना मोबाईल पाहावयाचा आणि मुलाला रागवावयाचे, हे मुलाला पटत नाही. पाच वर्षांखालील मुलाला गप्प बसविण्यासाठी मोबाईल देण्याची सवय तर मुळीच लावू नये.

आपल्या मोबाईलमध्ये आता बँकही असते. पैसे पाठविण्याचा गुप्त क्रमांक मुलांना सांगू नये आणि पैशाचे खेळ मोबाईलवर ठेवू नयेत. फसवणूक झालीच तर मुलाला मारण्यात वेळ न घालविता १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

मन आणि काम

काही पालक म्हणतात, "घरातच तर आहे, चार कामे केली तर काय बिघडले?" सुटीत, शाळेनंतर मुलांनी घरच्या शेतात हातभार लावावा, त्यात वावगे नाही. शेती त्यांना कळावयासच हवी. परंतु पाठाच्या वेळी मूल शाळेत आहे असेच समजावे. त्या वेळी त्याला पाणी धरावयास, गुरे वळावयास किंवा दुकानात पाठवू नये. फवारणीच्या कामात तर मुलांना कधीही घेऊ नये. पंप धुण्यास किंवा औषध कालविण्यासही नाही.

मूल एकाएकी अबोल होणे, चिडणे, जेवण कमी होणे, रोज पोट दुखते म्हणून अभ्यास टाळणे, रात्र-रात्र जागणे, ही लक्षणे दिसली तर त्यास नाटक म्हणू नये. पिकाचे पान पिवळे पडले तर आपण पिकाला दोष देत नाही, कारण शोधतो. चुलत भावाच्या गुणांशी तुलना करू नये. बांधावर, गोठ्यात, काम करता करता मुलाशी बोलावे. समोर बसवून विचारले तर जे मूल बोलत नाही, ते शेंगा तोडताना सहज बोलते. गरज वाटल्यास 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मुलांच्या अडचणींसाठी १०९८ हा क्रमांक आहे. शाळा सुटलेल्या मुलीच्या लग्नाची घाई कोणी करीत असेल, तर अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न कायद्याने गुन्हा आहे, हे त्या घराला वेळीच सांगावे.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

आपण विचाराल म्हणून सांगते. गुरुजींनी वडिलांना समजावले व स्थळाचे बोलणे थांबले. परंतु मुलीचा खरा प्रश्न वाचनाचा होता. तिची आई शाळेत गेलेली नाही. मी तिला म्हटले, "तुम्ही फक्त रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि तिला मोठ्याने वाचावयास सांगा." आई म्हणाली, "मला काय कळणार?" मी म्हटले, "अडखळली तर कळेल ना?" ती म्हणाली, "ते कळेल."

त्या दिवसापासून आई भाकरी थापताना किंवा धान्य निवडताना ऐकू लागली. सुरुवात पाचवीच्या पुस्तकापासून केली. अडखळले की आई म्हणे, "परत वाच." संध्याकाळचा पहिला तास मोबाईल मुलीला, असे वडिलांनी कबूल केले व ते पाळले. तीन महिन्यांनी मुलगी नियमित शाळेत जाऊ लागली. मार्च २०२४ मध्ये तिने दहावीची परीक्षा दिली. गुण फार मोठे नव्हते, परंतु ती उत्तीर्ण झाली व तिने अकरावीस प्रवेश घेतला. निकालाच्या दिवशी आईने मला फोन केला. तो फोन मुलीने लावून दिला होता.

बंधू-भगिनींनो, साथ गेली, पण मोबाईलवरची शाळा गेलेली नाही. गृहपाठ गटावर येतो. अतिवृष्टीने चार दिवस शाळा बंद राहिली तर पाठ मोबाईलवर येतात. शिष्यवृत्ती, नवोदय, पुढे स्पर्धा परीक्षांची तयारी आपली मुले त्यावरच करतात. चांगल्या शिक्षकाचा पाठ वस्तीवर बसून ऐकता येतो, ही मोठीच सोय आहे. ती नाकारू नये. मात्र मोबाईल शिकवितो, शिकले की नाही हे तो पाहत नाही. ते पाहणारे माणूस घरातच लागते.

चिठ्ठी पाठविणाऱ्या भगिनी आज येथे आल्या आहेत की नाही, मला ठाऊक नाही. आल्या असतील तर त्यांना माझे सांगणे एवढेच की, आपण चौथी शिकलेल्या आहात, म्हणजे या कामासाठी पुरेशा शिकलेल्या आहात. आज घरी गेल्यावर मुलाजवळ बसा, मोबाईल बाजूला ठेवावयास सांगा आणि म्हणा, "आज काय शिकलास, मला सांग." तो काय सांगतो ते पूर्ण ऐकून घ्या. उद्या पुन्हा विचारा.